सगळेच भल्यासाठी सांगत होते: सांक्ट राडेगुंडच्या एका शेतकऱ्याचं प्रकरण

फोटो १९४३ चा आहे. तीन लहान मुली, सगळ्यांत मोठी पाच वर्षांची, धाकटी जेमतेम तीनची, आणि सोबत एक पाटी: ‘प्रिय बाबा, लवकर ये.’ आईनं हा फोटो तुरुंगात पाठवला. तो ज्याला मिळाला, त्याला तुरुंगातून बाहेर पडायचा रस्ता ठाऊक होता. कुणाचा विश्वासघात करायचा नव्हता, कुणाचं नाव सांगायचं नव्हतं. इतर लाखो जणांनी घेतली तशी सैनिकाची शपथ घ्यायची आणि बंदूक हातात धरायची, एवढंच होतं. त्यानं ते केलं नाही. त्या वर्षी ९ ऑगस्टला दुपारी चार वाजता त्याचं डोकं उडवण्यात आलं.

फ्रान्झ येगरश्टेटर. ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड गावचा शेतकरी, वय ३६.

आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, अभ्यासगटात ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात एखादं प्रकरण घेऊन त्यावर बोलायचा प्रघात आहे. वसईत आमच्याकडे वाद घालायला माणसं कधी कमी पडत नाहीत. हे प्रकरण घेतलं तेव्हा मला वाटलं होतं की चर्चा हिटलरवर होईल. दहा मिनिटांत एक मावशी म्हणाल्या, “त्याचं कळलं हो. पण त्या तीन पोरींचं काय?” पुढचे दोन रविवार आम्ही त्याच प्रश्नाभोवती फिरत होतो. खाली लिहिलंय ते त्या दोन रविवारांची तयारी म्हणून वाचलेलं आणि नंतर डोक्यातून न गेलेलं.

माणूस कसा होता

संतचरित्रांची एक खोड असते, बाळ पाळण्यातच हात जोडून असतं. फ्रान्झच्या बाबतीत ती सोय नाही. त्याचा जन्म २० मे १९०७ चा. आई रोझालिया शेतावर मोलमजुरी करणारी, बापही तसलाच गडी. लग्न करायचीसुद्धा ऐपत नव्हती, म्हणून पोर अनौरस. बाप पहिल्या महायुद्धात मारला गेला. १९१७ मध्ये आईनं हाइनरिश येगरश्टेटर या शेतकऱ्याशी लग्न केलं, त्यानं पोराला दत्तक घेतलं, नाव दिलं, पुढे शेतही दिलं. तरुणपणी फ्रान्झ काही वर्षं लोखंडाच्या खाणीत कामाला गेला आणि परत आला तो मोटारसायकल घेऊन. गावातली ती पहिली मोटारसायकल! मारामाऱ्याही करायचा. १९३३ मध्ये त्याला लग्नाविना एक मुलगी झाली.

१९३६ च्या पवित्र गुरुवारी, ईस्टरआधीच्या गुरुवारी, त्यानं फ्रान्सिस्का श्वानिंगरशी लग्न केलं आणि मधुचंद्राला जोडपं रोमला गेलं. शेतकऱ्याच्या घरात हे अजबच होतं. कल्पना तिची. दोघं मिळून बायबल वाचू लागली, फ्रान्झ चर्चमधल्या रोजच्या उपासनेला, मिस्सेला, जाऊ लागला. गाव म्हणू लागलं, बायकोनं बिघडवला. ‘बिघडवला’ हा शब्द माझा, पण सूर तोच होता, आणि त्याच्या मरणानंतर कित्येक वर्षं त्याचा दोष फ्रान्सिस्काच्याच माथी मारला गेला. सासूनंही मारला.

गाव मोठं नव्हतं. पलीकडे साल्झाख नदी, नदीपार जर्मनीतला बव्हेरिया. हिटलरचं जन्मगाव ब्राउनाउ याच जिल्ह्यात. गाव अंतर्बाह्य कॅथलिक. हा तपशील पुढच्या सगळ्याला लागू आहे: या प्रकरणात येशूच्या शिकवणीच्या आड आलेली जवळजवळ सगळी माणसं रविवारी ख्रिस्तप्रसाद घेणारी होती.

१९३८: एक विरोधी मत

मार्च १९३८ मध्ये जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. १० एप्रिलला ऑस्ट्रियाच्या जर्मनीतल्या विलीनीकरणावर मतदान ठेवलं गेलं. त्याआधी ऑस्ट्रियाच्या बिशपांनी एक जाहीरनामा काढून लोकांना होकार द्यायला सांगितलं होतं. व्हिएन्नाचे कार्डिनल इनित्सर यांनी तर सोबतच्या पत्रावर स्वतःच्या हातानं ‘हाइल हिटलर’ लिहिलं. फ्रान्झनं विरोधात मत दिलं. गावात एकट्यानं. वरती कळवलं गेलं ते शंभर टक्के होकार, म्हणजे त्याचं मत मोजलंसुद्धा गेलं नाही.

यात एक गाठ आहे, ती सोडवल्याशिवाय पुढचं कळत नाही. लिंट्सचे बिशप ग्फ्योल्नर यांनी जानेवारी १९३३ मध्ये एक पत्रक काढलं होतं. एकाच वेळी चांगला कॅथलिक आणि खरा नाझी असणं अशक्य आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. लिंट्स म्हणजे फ्रान्झचंच धर्मप्रांत. चर्चमध्ये वाचून दाखवलेलं वाक्य त्यानं ऐकलं आणि खरं मानलं. पुढे पाच वर्षांत वारं फिरलं, बोलणारे गप्प झाले, काही उलटे बोलू लागले. फ्रान्झनं नवीन काही शोधून काढलेलं नव्हतं. त्याला जे शिकवलं गेलं होतं ते तो विसरला नाही, इतकंच. बंडखोर म्हणून त्याची ओळख करून देणाऱ्यांना मी दर वेळी हे पत्रक दाखवतो.

१९३८ च्याच जानेवारीत त्याला एक स्वप्न पडलं होतं. एक देखणी आगगाडी डोंगराला वळसा घालत येते, लहानथोर सगळे धावत सुटतात, कुणी कुणाचं ऐकत नाही. आणि एक आवाज सांगतो, ही गाडी नरकाला चालली आहे. नाझी पक्ष, त्याच्या संघटना, त्याच्या वर्गण्या, त्याचे मेळावे, सगळं मिळून ती गाडी, असा अर्थ त्यानं नंतर वहीत लिहून ठेवला. त्यानं सरपंचपद नाकारलं, पक्षाला वर्गणी देणं बंद केलं, सरकारी कुटुंबभत्ता घेतला नाही. भांडणं नकोत म्हणून गुत्त्यावर जाणंही सोडलं. रस्त्यात कुणी ‘हाइल हिटलर’ म्हटलं तर तो ‘फुई हिटलर’ म्हणायचा. आपल्याकडे ‘थूः’ म्हणतात, तसंच.

आणि तरीही, जून १९४० मध्ये बोलावणं आलं तेव्हा तो गेला. ब्राउनाउला शपथ घेतली. गावच्या प्रमुखानं शेतीच्या कामाचं कारण पुढे करून त्याला काही दिवसांत सोडवून आणलं. ऑक्टोबरमध्ये पुन्हा बोलावणं, एन्सला वाहनचालक म्हणून प्रशिक्षण, एप्रिल १९४१ मध्ये पुन्हा घरी. सगळे मिळून अर्धं वर्ष तो हिटलरच्या सैन्यात होता. गटात कुणीतरी विचारलं, मग तेव्हा विवेक कुठे गेला होता? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर त्यानं पुढे लष्करी न्यायालयात स्वतःच दिलं: शस्त्र धरता येणार नाही ही खात्री आपल्याला गेल्या अर्ध्या वर्षातच झाली. मला ही कबुली फार मोलाची वाटते. हळूहळू, चुकत, एकदा शपथ घेऊन बसल्यावर तो तिथे पोचला.

मधल्या काळात त्यानं काय पाहिलं? त्याच्याच प्रांतात, लिंट्सजवळच्या हार्टहाइम गढीत, १९४० ते ४१ मध्ये अठरा हजारांहून जास्त मनोरुग्ण आणि अपंग माणसांना विषारी वायूनं मारण्यात आलं. अशा हत्यांच्या बातम्या दबक्या आवाजात फिरत होत्या, त्याच्याही कानावर आल्या. गावचे धर्मगुरू कारोबाट यांना १९४० मध्ये एका प्रवचनावरून अटक झाली आणि जिल्ह्याबाहेर घालवलं गेलं. जून १९४१ मध्ये रशियावर हल्ला झाला. ‘देवहीन बोल्शेविकांविरुद्धचं’, म्हणजे रशियन कम्युनिस्टांविरुद्धचं, ‘युद्ध’ असा त्याचा डंका पिटला गेला आणि पुष्कळ भाविकांना तो पटलाही. फ्रान्झनं वहीत लिहिलेला युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. त्याचा आशय असा: बोल्शेविक विचारांशी लढायचं असेल तर मग खनिजांचा, तेलविहिरींचा आणि सुपीक जमिनीचा हिशेब कशाला? आपले मिशनरी परक्या देशात गेले ते काय बॉम्ब आणि मशीनगन घेऊन? हा माणूस गावच्या शाळेपलीकडे शिकलेला नव्हता.

१९४१ च्या उन्हाळ्यात तो गावच्या चर्चचा सेवक झाला. घंटा वाजवायची, वेदी लावायची, मेणबत्त्या पेटवायच्या, मयताच्या वेळी धर्मगुरूंसोबत उभं राहायचं. युद्धावर मेलेल्या गावच्या पोरांसाठी मिस्सा व्हायच्या, त्यांची तयारी तोच करायचा. ज्या युद्धाला तो अन्याय मानत होता त्यातल्या मेलेल्यांसाठी घंटेचा दोर त्याच्याच हातात. यावर त्यानं कुठे भाष्य केलेलं माझ्या वाचनात नाही, पण मला तो दोर सारखा दिसतो.

प्रश्न नेमका काय होता

‘प्रतिकूल जगात येशूच्या शिकवणीप्रमाणे जगणं’ असं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिंह, रोमन सैनिक आणि आखाडा येतो. इथे १९४१ ते १९४३ अशी जवळजवळ दोन वर्षं फ्रान्झवर जो दबाव होता त्यात एकही गणवेशधारी नाही. आई आहे, नातेवाईक आहेत, धर्मगुरू आहेत, बिशप आहेत. सगळे त्याच्यावर जीव लावणारे किंवा निदान त्याचं भलं इच्छिणारे. आणि सगळ्यांच्या हातात बायबल.

पहिलं म्हणणं रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायावर उभं होतं: प्रत्येकानं वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावं, कारण अधिकार देवानं नेमलेले आहेत. दुसरं म्हणणं असं की युद्ध न्याय्य की अन्याय्य हे ठरवणं राज्यकर्त्यांचं काम, साध्या शेतकऱ्याला सगळी माहिती कुठून असणार, म्हणून दोष लागलाच तर वरच्यांना. तिसरं, एकट्यानं नकार देऊन युद्ध एक दिवसही लवकर संपणार नाही. चौथं, आणि सगळ्यांत जड: तुझं पहिलं कर्तव्य बायको आणि मुलं.

माझं स्वतःचं मत सांगतो. पहिल्या तीन युक्तिवादांना उत्तरं देता येतात आणि फ्रान्झनं ती दिली. अधिकाराबद्दल येशूचा शिष्य पेत्र याचंच वाक्य आहे, मनुष्यापेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. माहितीबद्दल त्याचं म्हणणं असं की डोळे देवानं दिलेत आणि जे दिसतंय ते दिसतंय. उपयोग होणार नाही, यावर तर त्यानं वादच घातला नाही. आपल्या नकारानं जग बदलेल असा त्याचा दावाच नव्हता. चौथ्या युक्तिवादाला मात्र उत्तर नाही. म्हणजे त्यानं दिलं, पत्रांत लिहिलं: बायकामुलं आहेत एवढ्यावरून माणसाला देवाचा अपराध करायची मोकळीक मिळते असं मला वाटत नाही. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशू जे म्हणतो, माझ्यापेक्षा आईबापांवर, मुलांवर अधिक प्रीती करणारा मला योग्य नाही, तेही त्याला माहीत होतं. वाक्य बरोबर आहे. पण त्या मावशींना मी ते वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मान हलवली नाही, आणि मला त्यांचंही बरोबर वाटलं.

बाहेर घालवलेल्या कारोबाट यांची फ्रान्झनं जाऊन गाठ घेतली. त्यांनी नंतर सांगितलं की मी त्याला परावृत्त करायला पाहत होतो, पण तो दर वेळी शास्त्रातलीच वचनं पुढे करून मला हरवायचा. ज्या धर्मगुरूनं स्वतः प्रवचनापायी तुरुंग पाहिला, तोही म्हणत होता, तू जीव वाचव. यात भ्याडपणा नाही. पोटच्या पोरासारख्या माणसाला कोण म्हणेल, जा, मर म्हणून?

मग तो लिंट्सला बिशपांकडे गेला. ग्फ्योल्नर १९४१ मध्ये वारले होते, धर्मप्रांत आता फ्लीसर सांभाळत होते. फ्रान्सिस्का बरोबर गेली आणि बाहेरच्या खोलीत थांबली. आत काय झालं ते फ्लीसर यांनी पुढे स्वतः लिहिलं आहे: राज्यकर्त्यांच्या कृत्याची जबाबदारी खाजगी नागरिकावर किती येते याची नैतिक तत्त्वं त्याला समजावली, कुटुंबाबद्दलच्या त्याहून मोठ्या जबाबदारीची आठवण दिली, पण व्यर्थ. फ्रान्झ बाहेर आला तो उदास. फ्रान्सिस्काला म्हणाला की यांचीच हिंमत होत नाही, नाहीतर पाळी यांच्यावर येईल. समोरचा माणूस गेस्टापोनं, नाझींच्या गुप्त पोलिसांनी, पाठवलेला तर नाही ना, अशी भीतीही बिशपांना वाटली असावी, असा त्याचा अंदाज होता.

पण बिशपांवर तो कधी घसरला नाही. वहीत त्यानं लिहिलंय की तेही आपल्यासारखीच हाडामांसाची माणसं, आपण त्यांच्यावर दगड कशाला टाकावेत. शत्रूवर प्रेम करा हे वचन आपण सारखं मोठ्या शत्रूंना लावत बसतो. मला ते या दोन ओळींत जास्त खरं वाटतं: ज्यानं मदत करायला हवी होती आणि केली नाही, त्याच्याबद्दल कडू न होणं.

आता फ्रान्सिस्का. सुरुवातीला तीही विनवण्या करणाऱ्यांतच होती. मग एकदा घरात नातेवाईक जमले, सगळे मिळून त्याच्यावर तुटून पडले, आणि तिनं पाहिलं की तो अगदी एकटा आहे. त्या दिवसापासून तिनं वाद घालणं सोडलं. पुढे म्हातारपणी तिनं सांगितलं: मी त्याच्या पाठीशी उभी राहिले नसते तर त्याला कुणीच उरलं नसतं. तिला त्याचं सगळं पटलं होतं असं ती म्हणत नाही, हे नीट ऐकायला हवं. तिनं त्याचा निर्णय त्याचा राहू दिला, आणि त्याची किंमत मात्र दोघांची झाली.

फेब्रुवारी ते ऑगस्ट

२२ फेब्रुवारी १९४३ ला पोस्टमन हुकूम घेऊन आला. रजिस्टरवर सही करताना फ्रान्झ म्हणाला, आता माझ्या मृत्युदंडावर मीच सही केली. एन्सला २५ तारखेला हजर व्हायचं होतं. तो उशिरा गेला, १ मार्चला. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांना सांगितलं की मी शस्त्र धरणार नाही. लगेच अटक, लिंट्सचा लष्करी तुरुंग, आणि ४ मेला बर्लिनच्या टेगेल तुरुंगात रवानगी.

तिथून आलेली पत्रं आध्यात्मिक असतील या अपेक्षेनं वाचायला घेतली, तर निम्मा मजकूर शेताचा. पेरणीचं काय झालं, कामाला कोण येतंय, पोरी कशा आहेत. एके ठिकाणी लिहितो की हात बांधलेले असताना लिहितोय, पण इच्छाशक्ती बांधलेली असण्यापेक्षा हे बरं. हे वाक्य सगळीकडे उद्धृत होतं. पेरणीचं कुणी करत नाही. मला दोन्ही एकाच हातानं लिहिलेलं दिसतं.

६ जुलैला राइशच्या, म्हणजे नाझी जर्मनीच्या, सर्वोच्च लष्करी न्यायालयानं सैन्याचं मनोबल खच्ची केल्याच्या गुन्ह्याखाली त्याला मृत्युदंड दिला. हे निकालपत्र उपलब्ध आहे आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत विलक्षण कागद तोच. आरोपीचं म्हणणं त्यात सरकारी भाषेत, कोरडेपणानं नोंदवलेलं आहे. नाझी आणि कॅथलिक दोन्ही एकाच वेळी असणं शक्य नाही. काही बाबतींत माणसांपेक्षा देवाची आज्ञा पाळावी लागते. ‘आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर’ या आज्ञेमुळे तो शस्त्र घेऊन लढू शकत नाही. मात्र जखमींची शुश्रूषा करणारा सैनिक म्हणून सेवा करायला तो तयार आहे.

म्हणजे १९३३ चं ग्फ्योल्नर यांचं वाक्य बर्लिनच्या न्यायालयात, हिटलरच्या न्यायाधीशांच्या टंकलेखित कागदावर पोचलं. पोचवणारा कोण, तर एक चर्चसेवक. आणि त्याचा शेवटचा प्रस्ताव त्यांनी नोंदवला आणि नाकारला. जखमी सैनिकांच्या पट्ट्या बांधायला तयार असलेल्या माणसाचं डोकं उडवणं, यात कायद्याचा विजय कुठला होता, ते त्या न्यायाधीशांनाच माहीत.

१२ जुलैच्या सुमारास फ्रान्सिस्का गावच्या तरुण धर्मगुरूंबरोबर बर्लिनला गेली. भेट वीस मिनिटांची, पहारेकऱ्यांसमोर. धर्मगुरूंनी ती वेळही मन वळवण्यात घालवली. त्यांना दोष देत नाही, ते त्याच्यासाठीच आले होते. पण त्या दोघांची ती शेवटची वीस मिनिटं होती.

टेगेलमधले धर्मगुरू क्रॉइत्सबेर्ग यांनी त्याला एक गोष्ट सांगितली. वर्षभरापूर्वी, ऑगस्ट १९४२ मध्ये, फ्रान्झ रायनिश नावाच्या ऑस्ट्रियन धर्मगुरूनंही हिटलरच्या नावाची शपथ नाकारली होती आणि त्याचा शिरच्छेद झाला होता. ते ऐकून येगरश्टेटरला काय दिलासा मिळाला! तो म्हणाला, एका धर्मगुरूनं हे केलं असेल तर मलाही करता येईल. दोन वर्षं हा माणूस आपण चुकत तर नाही ना या शंकेत एकटा होता, आणि आपल्यासारखा कुणी होऊन गेला हे त्याला कळलं ते मरायच्या काही आठवडे आधी. हौतात्म्य म्हणजे अढळ खात्री, असं समजणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात घ्यावा.

९ ऑगस्टला त्याला ब्रांडेनबुर्गला हलवलं. धर्मगुरू योखमान भेटले तेव्हा टेबलावर सहीसाठी एक कागद होता. सही केली तर जीव वाचण्याची शक्यता होती. त्यानं तो बाजूला सारला. वाचायला धार्मिक पुस्तक हवं का, यालाही नको म्हणाला. देवाशी बोलणं चालू आहे, वाचलं तर त्यात खंड पडेल. दुपारी चारला गिलोटिन. त्या संध्याकाळी योखमान काही धर्मभगिनींना म्हणाले की आयुष्यात मला एकच संत भेटला, तो आज.

मरणानंतरचं गाव

प्रकरण अभ्यास इथे थांबवला तर तो कीर्तनासारखा होतो. खरा अभ्यास इथून पुढे आहे, कारण युद्ध संपलं, हिटलर गेला, तरी त्या गावात फ्रान्झचं नाव घ्यायची सोय नव्हती. कारण उघड आहे. गावातले कितीतरी नवरे, पोरगे रणांगणावर मेले होते. फ्रान्झ बरोबर असेल तर ते कशासाठी मेले? ही बाई तर रोज समोर दिसते. तिच्याकडे पाहिलं की प्रश्न उभा राहतो.

तिला विधवेचं निवृत्तिवेतन १९५० पर्यंत मिळालं नाही. शेत तिनं चालवलं, तीन मुली वाढवल्या. चर्चची सेवाही तिनं घेतली होती. घंटेचा तोच दोर. १९४६ मध्ये अस्थी गावात आल्या, तिसऱ्या वर्षश्राद्धाच्या दिवशी चर्चच्या भिंतीशी पुरल्या गेल्या. परत आलेले कारोबाट यांनी गावच्या युद्धस्मारकावर त्याचं नाव घालायचा आग्रह धरला, तेव्हा माजी सैनिक नाराज झाले. आणि धर्मप्रांताच्या पत्रकात त्याच्यावर लेख छापायचा विषय निघाला तेव्हा बिशप फ्लीसर यांनी तो रोखला. कर्तव्य मानून रणांगणावर गेलेले तरुण कॅथलिक हेच आपल्याला मोठे वीर वाटतात, असं त्यांनी लिहून ठेवलं.

गोष्ट तिथेच पुरली जायची. तसं झालं नाही याचं श्रेय आधी एका परक्या माणसाला. गॉर्डन झान नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जर्मन कॅथलिक आणि युद्ध या विषयावर काम करत होते. त्यांना हे नाव सापडलं, ते गावात जाऊन लोकांशी बोलले आणि १९६४ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. पुढचा दुवा आपल्या मुंबईचा आहे. जेझुइट थॉमस रॉबर्ट्स १९३७ पासून मुंबईचे आर्चबिशप. या खुर्चीवर भारतीय माणूस बसावा म्हणून त्यांनी स्वतः बाजूला व्हायचं ठरवलं, आणि १९५० मध्ये व्हेलेरियन ग्रेशस पहिले भारतीय आर्चबिशप झाले. तेव्हा वसईही त्यांच्याच कक्षेत होती, आमचं वेगळं धर्मप्रांत १९९८ चं. हे रॉबर्ट्स १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेत, युद्धावरच्या चर्चेच्या वेळी येगरश्टेटरचं उदाहरण पुढे ठेवतात आणि म्हणतात की चर्चनं अशा माणसाच्या पाठीशी उभं राहायला हवं. त्या डिसेंबरात मंजूर झालेल्या दस्तऐवजात सदसद्विवेकापायी शस्त्र नाकारणाऱ्यांना, ते दुसऱ्या मार्गानं समाजाची सेवा करणार असतील तर, कायद्यानं माणुसकीची वागणूक द्यावी असं वाक्य आलं. पुन्हा वाचा: दुसऱ्या मार्गानं सेवा. बर्लिनच्या निकालपत्रात नोंदवून नाकारलेला प्रस्ताव तोच होता. एका माणसामुळे ते वाक्य आलं असं मी म्हणणार नाही, पण त्या सभागृहात त्याचं नाव पोचलं होतं.

गटात आम्हाला सगळ्यांत जास्त झोंबलं ते हेच की आपण स्वतःला आपोआप फ्रान्झच्या जागी ठेवतो. एक निवृत्त हवालदार काका म्हणाले, “मी तर बिशपांच्या जागी आहे. माझ्या पोरानं असं काही विचारलं तर मी हेच सांगेन.” खोलीत शांतता झाली, कारण खरं तर आम्ही सगळेच त्या जागी होतो. नोकरीत लाच न घेणाऱ्या जावयाला ‘व्यवहार बघ’ म्हणणारे, गावच्या भांडणात साक्ष द्यायला निघालेल्या पोरीला ‘तुला काय पडलंय’ म्हणणारे. मी स्वतः हे वाक्य म्हटलंय, कुणाला आणि कधी ते इथे लिहीत नाही.

आणि मावशींचा प्रश्न? दुसऱ्या रविवारी त्याच म्हणाल्या, “पोरींचं काय, ते फ्रान्सिस्कानं केलं. तिला कुणी संत म्हणणार नाही.” त्यावर कुणी काही बोललं नाही.

१९९७ मध्ये बर्लिनच्या न्यायालयानं ती शिक्षा रद्द ठरवली, ५४ वर्षांनी. २६ ऑक्टोबर २००७ ला फ्रान्झ येगरश्टेटरला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं, तेही लिंट्सच्या कॅथेड्रलमध्ये, ज्या शहरात फ्रान्सिस्का बिशपांच्या दाराबाहेर थांबली होती. ती त्या दिवशी हजर होती, वय ९४, मुलींसोबत. नवऱ्याचे अवशेष असलेला कलश तिच्या हातात दिला होता, वेदीकडे सोपवायला. सोपवण्याआधी तिनं तो ओठांना लावला.